लिफ्टमध्ये नेट जातं तेव्हा तुमचं ॲप काय करतं? अँड्रॉइड डेव्हलपरसाठी पायरीपायरीने

आमच्या कळव्यात खारेगावला एक काका आहेत, दुधाचा रतीब घालतात. सात-आठ बिल्डिंगांची लाईन, हाताखाली दोन पोरं, आणि सगळा हिशोब एका लांबड्या वहीत. कोणाचं दीड लिटर, कोणाचा खाडा, कोणाचे मागच्या महिन्याचे राहिले, सगळं तिच्यात. मी महापेला एमआयडीसीत अँड्रॉइडचं काम करते हे त्यांना माहीत होतं, तर एकदा म्हणाले, "पोरी, एवढी ॲपं बनवतेस, माझी वही टाक की मोबाईलमध्ये." मी टाकली. चार शनिवार-रविवार बसून बनवलं, घरच्या वायफायवर मस्त चाललं, ऑफिसच्या वायफायवर पण मस्त. आणि पहिल्याच पहाटे तिसऱ्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पोराने "दिलं" बटण दाबलं, गोल चक्र फिरत राहिलं, त्याने परत दाबलं, परत दाबलं, आणि त्या घराच्या नावावर एका दिवसात साडेचार लिटर दूध चढलं.

त्या दिवसापासून पुढचे तीन महिने मी जे शिकले ते इथे लिहितेय, ज्या क्रमाने आता नवं ॲप करताना मी करते त्याच क्रमाने. उदाहरण दुधाचं आहे पण सेल्समनची ऑर्डर, मीटर रीडिंग, सोसायटीच्या गेटवरची नोंद, कुठलंही फिरत्या माणसाच्या हातातलं ॲप असू दे, गोष्टी याच लागतात. मी कॉटलिनमध्ये (अँड्रॉइडची प्रोग्रामिंगची भाषा) लिहिते म्हणून नावं अँड्रॉइडची येतील, फ्लटरवाल्यांनी किंवा आयफोनवाल्यांनी आपापल्या लायब्ररीची नावं घालून घ्या, क्रम तोच राहतो.

पहिली पायरी: कोड लिहायच्या आधी एक पहाट त्यांच्याबरोबर फिरा

हे मी आधी केलं नाही आणि ते चुकलं. नंतर गेले. पावणेपाचला टेम्पो येतो, क्रेट उतरतात, पोरगा दोन्ही हातात पिशव्या घेऊन वर जातो, मोबाईल वरच्या खिशात, अंगठा ओला. बटण छोटं असेल तर लागत नाही. फोन तीन जीबी रॅमचा, स्टोरेज व्हॉट्सॲपच्या फोटोंनी भरलेलं, स्क्रीनला तडा. काकांच्या फोनची भाषा मराठी ठेवलेली. या एका फेरीत मला जितक्या रिक्वायरमेंट मिळाल्या तितक्या काकांबरोबर चार वेळा चहा पिऊन पण मिळाल्या नव्हत्या. लिहून घ्या: नेट कुठे जातं, हात किती मोकळे आहेत, फोन कुठला, फोनची भाषा कुठली, मध्येच फोन आला तर माणूस काय करतो. पुढचं सगळं डिझाईन या पाच उत्तरांवर ठरतं.

दुसरी पायरी: स्क्रीनने सर्व्हरशी बोलायचंच नाही

सगळ्यात मोठा बदल हा. बहुतेक जण सुरुवातीला असं लिहितात की बटण दाबलं की एपीआय कॉल, म्हणजे सर्व्हरला विनंती, आणि उत्तर आलं की स्क्रीन बदल. यात माणूस नेटची वाट बघत उभा राहतो. उलटं करा. बटण दाबलं की नोंद फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहायची, स्क्रीन त्याच डेटाबेसवर लक्ष ठेवून असते म्हणून ती लगेच हिरवी होते, आणि सर्व्हरकडे पाठवायचं काम मागे दुसरं कोणीतरी करतं. सर्व्हरकडून काही आलं तरी ते आधी डेटाबेसमध्येच जाणार, तिथून स्क्रीनवर. रूम (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) वापरत असाल तर क्वेरीने फ्लो, म्हणजे बदल होतील तशी येत राहणारी उत्तरं, परत करायचा, टेबल बदललं की स्क्रीन आपोआप बदलते, वेगळा रिफ्रेश लिहावा लागत नाही. रूम मुळात एसक्यूलाइट या फोनमधल्या डेटाबेसवरचाच थर आहे आणि मेन थ्रेडवर (जिथून स्क्रीन चालते) क्वेरी चालवायला तो आपणहून मनाई करतो. ती मनाई बंद करायचा पर्याय आहे, पण त्याला हात लावू नका. टॅपसारख्या इनपुटला ॲपने पाच सेकंदांत दाद दिली नाही की अँड्रॉइड "ॲप प्रतिसाद देत नाही" ची पाटी आणतं, आणि स्वस्त फोनवर भरलेल्या स्टोरेजला साधं डिस्कवरचं लिखाण पण कधीकधी बराच वेळ घेतं.

माझी टेबलं तीन. ग्राहक, नोंदी, आणि "पाठवायचं" नावाची रांग. बटण दाबलं की नोंद आणि रांगेतली ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायच्या, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. हे एकत्र असणं महत्त्वाचं आहे, कारण नोंद लिहिली आणि रांगेत टाकायच्या आत ॲप मेलं तर ती नोंद फोनमध्ये दिसेल पण सर्व्हरला कधीच जाणार नाही, आणि असला घोळ महिनाअखेरपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

अजून एक, जे मला काकांच्या वहीने शिकवलं. काका कधीही खोडरबर वापरत नाहीत. चुकलं तर त्यावर रेघ मारतात आणि खाली नवीन लिहितात. नोंदींचं टेबल तसंच ठेवा. जुनी ओळ अपडेट करू नका, दुरुस्तीची नवी ओळ घाला जी जुन्या ओळीकडे बोट दाखवते. काकांनी त्यांच्या फोनवरून आणि पोराने त्याच्या फोनवरून एकाच घराची नोंद बदलली तर कोणाची खरी हा प्रश्न मग खूप सोपा होतो, दोन्ही ओळी असतात, सर्व्हरला ज्या क्रमाने पोचल्या तो क्रम असतो आणि काका बघून ठरवू शकतात. "ज्याची वेळ नंतरची तो जिंकला" हा नियम दोन फोनच्या घड्याळांवर चालतो, आणि फोनचं घड्याळ कोणीही सेटिंगमध्ये जाऊन बदलू शकतं.

तिसरी पायरी: प्रत्येक नोंदीचा नंबर फोनवरच तयार करा

साडेचार लिटरचं कारण इथे आहे. नेट नव्हतं एवढंच कारण असतं तर एकही नोंद गेली नसती. झालं असं की विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, सर्व्हरने लिहून पण घेतलं, आणि उत्तर परत यायच्या आत लिफ्टचं दार बंद झालं. फोनच्या दृष्टीने हे फेल, सर्व्हरच्या दृष्टीने पास. फोनला या दोघांतला फरक कळायचा काही मार्गच नाही, त्यामुळे तो परत पाठवणार आणि पाठवायलाच पाहिजे. मग परत पाठवलेलं तेच आहे हे सर्व्हरला कळायला हवं.

उपाय सोपा आहे. नोंद तयार होते त्या क्षणी फोनवर एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांबलचक ओळख-नंबर) बनवायचा, तोच डेटाबेसची प्रायमरी की, तोच रांगेत, तोच विनंतीत. सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक ठेवायचं आणि तीच नोंद परत आली तर एरर न देता पहिल्या वेळचंच यशाचं उत्तर द्यायचं. बघा, एरर दिली तर फोन परत गोंधळतो. आणि यूयूआयडी पाठवताना बनवायचा नाही, नोंद जन्मताना बनवायचा. मी एका सहकाऱ्याच्या कोडमध्ये बघितलंय की नेटवर्कच्या फंक्शनमध्येच यूयूआयडी बनवला होता, म्हणजे प्रत्येक रिट्रायला नवा, मग त्याचा उपयोग काय.

स्क्रीनवर पण काळजी घ्या. एकाच घराला एकाच दिवशी दुसऱ्यांदा "दिलं" दाबलं तर विचारायचं की जास्तीचं दिलं का. दोनदा दाबलेलं आणि खरंच दोनदा दिलेलं, हा फरक यूयूआयडीला कळत नाही, तो माणसालाच विचारावा लागतो.

चौथी पायरी: पाठवणारा कामगार

रांग रिकामी करायचं काम वर्कमॅनेजरकडे, म्हणजे मागची कामं सांभाळणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीकडे द्या. ॲप बंद झालं, फोन रीस्टार्ट झाला तरी त्याला दिलेलं काम त्याच्या लक्षात राहतं. मी एकच युनिक नावाचं काम ठेवते, "नेट हवं" अशी अट लावते, आणि फेल झालं तर एक्सपोनेन्शियल बॅकऑफ. डीफॉल्टमध्ये पहिली वाट ३० सेकंदांची असते, मग दुप्पट होत जाते, कमाल ५ तासांपर्यंत. ठरावीक वेळाने चालणारं काम हवं असेल तर १५ मिनिटांपेक्षा कमी अंतर देताच येत नाही, त्यामुळे "दर मिनिटाला सिंक" असं कोणाला कबूल करू नका.

"नेट आहे का" हे आधी तपासून मग कॉल करायचा मोह होतो. करू नका, निदान त्यावर निर्णय घेऊ नका. स्टेशनवरचं फुकट वायफाय फोन पटकन पकडतो पण ओटीपी टाकेपर्यंत त्यावरून काहीच जात नाही, आणि संध्याकाळी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर टॉवरची दांडी भरलेली दिसते पण गर्दीत एक बाईट हलत नाही. अँड्रॉइडमध्ये नेटवर्कची इंटरनेट क्षमता आणि व्हॅलिडेटेड क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ते यासाठीच, दुसरी म्हणजे सिस्टीमने खरोखर इंटरनेट पोचतंय हे पडताळून बघितलंय. ती वापरून स्क्रीनवर छोटा "ऑफलाइन" बिल्ला दाखवा हवं तर. पण नेट आहे की नाही याचा खरा पुरावा एकच, विनंती पाठवून उत्तर येणं.

टाइमआउटचं बोलू. ओकेएचटीटीपीत (सर्व्हरशी बोलायची लायब्ररी) कनेक्ट, रीड आणि राइट तिघांना डीफॉल्ट १० सेकंद असतात, पण संपूर्ण कॉलला डीफॉल्टमध्ये मर्यादाच नसते. म्हणजे दर नऊ सेकंदांनी थोडेथोडे बाईट येत राहिले तर कॉल कितीही वेळ लोंबकळू शकतो. मी पूर्ण कॉलला ३० सेकंद लावते. वर्करला (वर्कमॅनेजरच्या एका कामाला) पण साधारण १० मिनिटंच मिळतात, म्हणून एका वेळी ५० नोंदींचा गठ्ठा पाठवते, सगळी रांग एकदम नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी स्वतः दोन आठवडे घालवलेत. प्रत्येक एररला रिट्राय करायचा नाही. नेट तुटलं, टाइमआउट झाला, ४०८ (वेळ संपली), ४२९ (फार विनंत्या आल्या), किंवा ५०० आणि त्यापुढचं काही (सर्व्हरचीच गडबड) आलं तर रिट्राय. ४०१ (ओळख पटली नाही) आला तर लॉगिनचं टोकन नवीन करून एकदा प्रयत्न. पण ४०० किंवा ४२२ म्हणजे सर्व्हर सांगतोय की तुझी नोंदच चुकीची आहे, ती हजार वेळा पाठवली तरी चुकीचीच राहणार. अशी ओळ रांगेतून काढून "अडकलेल्या" खणात ठेवा आणि काकांना स्क्रीनवर दाखवा. नाहीतर एक खराब नोंद रांगेच्या तोंडाशी बसते आणि तिच्या मागच्या सगळ्या अडतात. माझ्याकडे काकांच्या फोनवर नेमकं हेच झालं, पोरांच्या फोनवर मात्र नाही, आणि का ते सहाव्या पायरीत सांगते.

काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागची कामं मारून टाकतात, त्यामुळे फक्त वर्कमॅनेजरवर विसंबू नका. ॲप उघडलं की, आणि नवीन नोंद झाली की, तिथल्या तिथे पण रांग रिकामी करायचा प्रयत्न करा. दोघं एकदम चालले तरी यूयूआयडीमुळे बिघडत काही नाही.

पाचवी पायरी: पैसे, दूध आणि तारीख

पैसे पैशातच साठवा, म्हणजे ६८ रुपये हे ६८०० असे लाँगमध्ये (पूर्णांकाचा प्रकार). दूध मिलीलिटरमध्ये. दीड लिटर म्हणजे १५००, गुणिले ६८००, भागिले १०००, आले १०२०० पैसे, म्हणजे १०२ रुपये, कुठेही दशांश नाही. डबलमध्ये (दशांशाचा प्रकार) ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोब्बर ०.३ येत नाही हे आपण सगळे कॉलेजात ऐकतो आणि तरी पहिल्या ॲपमध्ये डबल वापरतो. राउंडिंग करायचंच असेल तर महिन्याच्या शेवटी एकदाच, रोज नाही.

दर ग्राहकाच्या टेबलात ठेवून हिशोबाच्या वेळी गुणू नका. प्रत्येक नोंदीत त्या दिवशीचा दर लिहून ठेवा. दूध मध्येच दोन रुपयांनी वाढतं, आणि ग्राहकाचा दर बदलला की मागच्या पंधरा दिवसांचं बिल पण वाढलेलं दिसतं. मग सकाळी सात वाजता काकांच्या दारात बाई उभ्या राहतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

तारखेचा किस्सा तर मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. पहिल्या महिन्यात एक तारखेच्या नोंदी मागच्या महिन्याच्या बिलात गेल्या. सगळ्या नाही, काहीच. खूप शोधलं. कारण असं की सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये (जगाची सामायिक प्रमाण वेळ) घेत होता आणि तिच्यातूनच तारीख कापत होता. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे पावणेपाचला आपल्याकडे एक तारीख असते तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतात. साडेपाचच्या आधी दिलेलं सगळं दूध आदल्या दिवशी जात होतं, साडेपाचनंतरचं बरोबर दिवशी. दिवसा ऑफिसात बसून टेस्ट केलं तर हा बग कधीच दिसत नाही, कारण आपण दहा वाजता येतो.

म्हणून दोन वेगळे कॉलम ठेवा. नोंद कधी केली तो क्षण यूटीसीत मिलिसेकंदांमध्ये. आणि कुठल्या दिवसाचं दूध ती तारीख, लोकलडेट म्हणून, फोनवर आशिया/कोलकाता झोनमध्ये ठरवलेली. दुसरीला वेळ नसतेच, ती कॅलेंडरवरची एक चौकट आहे. खाडा पण त्या चौकटीलाच लागतो. जावा टाइम पॅकेज एपीआय २६, म्हणजे अँड्रॉइड ८ पासून थेट मिळतं, त्याखालच्या फोनसाठी ग्रेडलमध्ये डीशुगरिंग (नव्या सोयी जुन्या फोनवर चालवणारी सेटिंग) चालू करा. आणि पॅटर्न लिहिताना वर्षासाठी लहान लिपीतला वाय वापरा, कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यावरून मोजलेलं वर्ष, ते डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत अचानक पुढचं साल दाखवू शकतं.

सहावी पायरी: फोनची भाषा मराठी करा आणि मग ॲप चालवा

ही पायरी मला बाहेरच्या कुठल्या गाइडमध्ये मिळाली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, आपल्या लोकांसाठी बनवणाऱ्या प्रत्येकाला ही लागणार आहे.

काकांच्या फोनवर रांग अडकली होती कारण त्यांचा फोन मराठीत होता, पोरांनी हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये ठेवलेले. मी तारीख सर्व्हरला पाठवताना सिंपलडेटफॉरमॅट (तारखेचा मजकूर बनवणारा क्लास) डीफॉल्ट लोकेलने, म्हणजे फोनच्या भाषेप्रमाणे, वापरला होता. मराठी लोकेलचे डीफॉल्ट अंक देवनागरी असतात, हिंदीचे नसतात. त्यामुळे काकांच्या फोनवरून तारीख देवनागरी अंकांत जात होती, सर्व्हरला ती तारीख वाटतच नव्हती, तो ४०० देत होता, आणि माझा कोड इमानदारीत रिट्राय करत होता. स्ट्रिंग फॉरमॅटमध्ये पूर्णांक टाकला तरी हेच होतं.

नियम असा पाळा. माणसाला दाखवायचं असेल तर डीफॉल्ट लोकेल, देवनागरी अंक दिसले तर छानच. मशीनला पाठवायचं, फाइलचं नाव बनवायचं, डेटाबेसमध्ये लिहायचं असेल तर दरवेळी लोकेल रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं) स्पष्ट लिहायचं, किंवा लोकलडेटचं साधं टूस्ट्रिंग वापरायचं, ते भाषा बघत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ लोकेल न दिल्याची पिवळी वॉर्निंग देतो, मी ती लिंटमध्ये (कोड तपासणारं टूल) एरर करून टाकलीय.

उलट दिशेने पण. मराठी कीबोर्डवरून कोणी "१२" टाइप केलं तर टूइंट ते बिनतक्रार वाचतं, पण "१.५" ला टूडबल थेट एक्सेप्शन फेकतं. म्हणजे तुमच्या टेस्टमध्ये दोन लिटर चालतं आणि दीड लिटरला ॲप कोसळतं. वाचायच्या आधी देवनागरी अंक साध्या अंकांत बदलणारं दहा ओळींचं फंक्शन लिहा आणि प्रत्येक इनपुट त्यातून न्या.

मग शोध. काकांनी "कुऱ्हाडे" शोधलं आणि सापडलं नाही, यादीत तर समोर दिसत होतं. तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, आणि दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दिसायला "कुऱ्हाडे" आणि "कुर्‍हाडे" सारखेच, बाईट वेगळे. तसंच "ॲ" चं. युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या आणि नव्या कीबोर्डवर ॲप, अ‍ॅप आणि अॅप असे तीन प्रकार फिरतायत. ग्राहकाचं नाव साठवताना शेजारी एक "शोधायचं नाव" असा कॉलम ठेवा, त्यात एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची अक्षरं एका ठरलेल्या रूपात आणणं) करायचं, मग हे प्रकार एकाच रूपात आणायचे, जॉइनर काढून टाकायचे, आणि शोधणाऱ्याने टाइप केलेलं पण त्याच फंक्शनमधून न्यायचं. फक्त एनएफसीने हे जुळत नाही, हाताने बदल करावे लागतात. क्रमाची काळजी घ्या, आधी र-हलंत-जॉइनरचं ऱ-हलंत करा आणि मग उरलेले जॉइनर काढा, उलट केलंत तर तो साधा रफार होऊन बसतो.

नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवायची फॅशन आहे. स्ट्रिंगचा पहिला कॅरेक्टर घेतला तर "श्रीधर" चा नुसता "श" येतो आणि "मीना" ची वेलांटी गळून "म" उरतो. ब्रेकइटरेटर (मजकूर अक्षरांत तोडणारा क्लास) वापरून पूर्ण अक्षर घ्या. मजकूर तोडून तीन टिंबं द्यायची असतील तर तिथे पण तेच. आणि ओळीची उंची घट्ट बांधू नका, इंग्लिशला बसलेल्या उंचीत "र्कीं" ची वरची रफार-अनुस्वाराची गर्दी कापली जाते. बटणाची रुंदी पण फिक्स नको, सिस्टीमच्या सेटिंगमधून अक्षर मोठं केलं की "पाठवायचे राहिले" दोन ओळींत जातं, जाऊ द्या.

सातवी पायरी: ॲप मध्येच मरतं, ते मान्य करा

पोरगा नोंद टाकत असतो, फोन येतो, मग व्हॉट्सॲप बघतो, तीन जीबीच्या फोनवर तोवर सिस्टीमने तुमची प्रोसेस मारलेली असते. परत आला की स्क्रीन तीच, पण टाइप केलेलं गायब. व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा धरून ठेवणारा भाग) स्क्रीन फिरवल्यावर टिकतं, प्रोसेस मेल्यावर नाही. ते तेव्हा पण टिकतं हा गैरसमज मी अनुभवी लोकांमध्ये पण बघितलाय. अर्धवट टाइप केलेलं सेव्ह्डस्टेटहँडलमध्ये किंवा कंपोजमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन बनवायची टूलकिट) रिमेंबरसेव्हेबलमध्ये ठेवा. फक्त छोट्या गोष्टी, ग्राहकाचा आयडी आणि टाइप केलेला आकडा. सगळी यादी तिथे कोंबाल तर बाइंडरच्या (प्रोसेसमधून प्रोसेसकडे डेटा नेणारा भाग) १ एमबीच्या बफरला धडकाल आणि ॲप कोसळेल, यादी डेटाबेसमधूनच परत वाचा.

तपासायचं कसं: ॲप उघडा, अर्धं टाइप करा, होम दाबा, एडीबी (लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायचं टूल) शेलमधून एएम किल कमांड पॅकेजच्या नावाने चालवा, मग रिसेंटमधून परत या. रिसेंटमधून ॲप वर ढकलून बंद करणं म्हणजे ही टेस्ट नव्हे, तिथे सिस्टीम जतन केलेलं स्टेट देत नाही. हे मी प्रत्येक स्क्रीनवर करते, पाच मिनिटांचं काम आहे.

आठवी पायरी: मायग्रेशन

मायग्रेशन म्हणजे जुन्या टेबलांतला डेटा नव्या रचनेत नेणं. रूमच्या डेटाबेसची आवृत्ती वाढवताना फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन ही एक ओळ टाकली की एरर जाते आणि सगळे खूश होतात. ही ओळ मायग्रेशन सापडलं नाही तर टेबलं पाडून नवी बनवते. तुमच्या रांगेत न पाठवलेल्या नोंदी असतील तर त्या गेल्या, कुठेच कॉपी नाही. सर्व्हरवरून परत आणता येणारा डेटा असेल तर ठीक, पण माणसाने हाताने टाकलेला डेटा असेल तिथे ही ओळ नको. स्कीमा एक्सपोर्ट (टेबलांची रचना फाइलीत काढणं) चालू ठेवा, त्या जेसन फाइली गिटमध्ये टाका, आणि जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाणारी टेस्ट लिहा. टेस्टमध्ये रांगेत मुद्दाम चार ओळी ठेवून मायग्रेशननंतर चारच आहेत का ते मोजा.

स्पीडबद्दल फार लिहीत नाही. कंपोजचं ॲप डीबग बिल्डमध्ये संथच चालतं, त्यावरून मत बनवू नका, आर-एट (कोड लहान आणि वेगवान करणारं टूल) लावलेला रिलीज बिल्ड स्वस्त फोनवर टाकून बघा. लेझी कॉलमला (कंपोजमधली यादी) प्रत्येक ओळीची की द्या, यूयूआयडी आहेच. आणि आर-एट नावं बदलतो, त्यामुळे रिफ्लेक्शनवर (कोडमधली नावं चालताना वाचून) चालणारी जेसन लायब्ररी असेल तर रिलीजमध्येच फील्ड रिकामी यायला लागतात, नावं न बदलायचा कीप रूल लिहा किंवा कॉटलिनचं सीरियलायझेशन वापरा.

ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते तुमच्याकडे आहेत हे विसरू नका. लॉगमध्ये छापू नका. ॲपमध्ये लपवलेली कुठलीही गुप्त की एपीके (ॲपची फाइल) उघडून काढता येते, ती सर्व्हरवरच ठेवा. अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी डीफॉल्टमध्ये बंद आहे, ते चालू करायची सोय शोधत बसण्यापेक्षा सर्टिफिकेट लावा.

नववी पायरी: टेबलावरून उठून टेस्ट करा

एम्युलेटरमध्ये नेटवर्कचा प्रकार एज किंवा जीपीआरएस करता येतो, ती पहिली फेरी. दुसरी फेरी एअरप्लेन मोड: वीस नोंदी टाका, फोन रीस्टार्ट करा, मोड काढा, सर्व्हरवर वीसच पोचल्या का बघा. तिसरी फेरी सगळ्यात कामाची, सर्व्हरवर मुद्दाम असा स्विच ठेवा की नोंद लिहून घेतल्यावर उत्तर न देता कनेक्शन तोडायचं. लिफ्टची नक्कल यानेच होते, एअरप्लेन मोडने होत नाही.

चौथी फेरी मी गाडीत करते. सकाळी ठाण्याहून घणसोलीला जाताना ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभ्या उभ्या एका हाताने नोंदी टाकत जाते, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, एकेका स्टेशनला रांगेचा आकडा बघते. एका हाताने बटण लागत नसेल तर तिथेच कळतं. मग बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये एक फेरी.

दहावी पायरी: प्ले स्टोअरवर टाकताना

वैयक्तिक डेव्हलपर अकाउंट १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलं असेल तर प्रॉडक्शनला जायच्या आधी क्लोज्ड टेस्ट करावी लागते, किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस. सुरुवातीला ही संख्या २० होती. म्हणून ॲप पूर्ण व्हायची वाट न बघता दोन-तीन स्क्रीन चालायला लागल्या की टेस्ट सुरू करा, सोसायटीतल्या लोकांना सांगा. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपला आणि अपडेटला किमान टार्गेट एपीआय ३५ (अँड्रॉइड १५) लागतो, आणि नेटिव्ह (सी किंवा सी++ मधली) लायब्ररी वापरत असाल तर १६ केबी पेज साइजचं (मेमरीच्या तुकड्याचा आकार) पण बघा, ते १ नोव्हेंबर २०२५ पासून आलंय. अपलोड कीची (ॲपवर सही करायची किल्ली) कॉपी लॅपटॉपबाहेर ठेवा.

रिलीज टप्प्याटप्प्याने करा. प्लेवर मागे जायचं बटण नाही, रोलआउट थांबवता येतं, पण ज्यांनी अपडेट घेतलं त्यांच्याकडे ते राहतंच, त्यांच्यासाठी वरच्या व्हर्जन कोडचं नवीन बिल्ड द्यावं लागतं. व्हायटल्समध्ये (ॲपच्या तब्येतीचा प्लेचा रिपोर्ट) वापरणाऱ्याला जाणवलेल्या क्रॅशची मर्यादा १.०९ टक्के आणि प्रतिसाद न देण्याची ०.४७ टक्के आहे, त्यावर गेलात तर प्लेमध्ये तुमचं ॲप कमी दिसायला लागतं.

आणि एक आकडा स्वतः मोजा जो प्ले देत नाही. प्रत्येक सिंकबरोबर फोनने सांगायचं की रांगेत किती ओळी आहेत आणि सगळ्यात जुनी किती तासांची आहे. माझ्याकडे एक ओळ २४ तासांच्या पुढे गेली की मला मेसेज येतो, आणि मी काकांना फोन करायच्या आधी लॉग बघते.

पहिला महिना काकांनी वही चालूच ठेवली, मीच सांगितलं होतं. ३० तारखेला रात्री त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही घराघराची बेरीज जुळवली, ते वहीतून वाचणार, मी स्क्रीनवरून. तीन घरांत फरक निघाला. दोन ठिकाणी वहीत लिहायचं राहिलं होतं. तिसरं माझं होतं, लागोपाठ दोन दिवसांचा खाडा टाकला की दुसरा दिवस सुटत होता. तो रात्रीच दुरुस्त केला, पहाटे पावणेपाचच्या आत दोन्ही पोरांच्या फोनवर नवीन बिल्ड गेलं होतं, आणि पुढच्या महिन्यात परत तशीच बेरीज घ्यायची ठरली.